चरडेबाईंचे छत्तीस दिवस

चरडेबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या भांडायलाच. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावत होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं प्लास्टिक, तोंडावर दोन मास्क, डोळ्यांवर गॉगल. त्यांनी बोट झटकन मागे घेतलं.

"आधी सांग, कोन हायेस तू? बाई का माणूस?"

"डॉक्टर आहे, आजी."

"थे समजलं. बाई का माणूस?"

"बाई."

"मंग बोल ना तसं. सकाळपासून तीन भुतं येऊन गेले. एकानं रक्त नेलं, एकानं नाकात काडी खुपसली, एकानं उपमा देल्ला. कोनं काय केलं कसं समजावं मानसानं?"

त्यांनी मला छातीवर नाव लिहायला लावलं. मी मार्करनं 'डॉ. मृण्मयी' लिहिलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली. "मोठ्ठ्या अक्षरात लिव्ह. चष्मा नाई माह्याजवळ." मग मी छातीभर लिहिलं. ते त्यांनी अक्षर लावून वाचलं, दोनदा चुकल्या, आणि म्हणाल्या, "असं नाव कोनं ठेवलं वं तुहं? मी मिरू म्हनीन." तेव्हापासून त्या वॉर्डात मी मिरू.

करोनाच्या पहिल्या वर्षातला एप्रिलचा पहिला आठवडा होता. नागपूरच्या एका सरकारी रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर आमचा वॉर्ड होता. खिडक्यांना आधी फक्त जाळ्या होत्या. एक रुग्ण पळून गेल्याची बातमी दुसऱ्या रुग्णालयातून आली आणि आमच्याकडच्याही जाळ्यांवर लोखंडी पट्ट्या बसल्या. मी मूळची साताऱ्याची. सात दिवस ड्यूटी, मग सात दिवस वसतिगृहातल्या एका खोलीत एकटी. जेवण दाराबाहेर ठेवलं जायचं. त्या खोलीच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसायची, आणि त्या भिंतीवरचा एक पाइप. चौथ्या दिवशी मला त्या पाइपच्या सगळ्या जोडांची जागा पाठ झाली होती.

चरडेबाई काटोलजवळच्या एका खेड्यातल्या. घरी संत्र्याची बाग, नवरा, पुतण्या. मुलगा सुरतेला कारखान्यात. वय बासष्ट. त्या नागपूरला आल्या होत्या फक्त चष्म्यासाठी. मुलगी सुनंदा इतवारीत दिली होती, जावयाचं भांड्यांचं दुकान. मुलीनं त्यांना गांधीबागेतल्या चष्मेवाल्याकडे नेलं, डोळे तपासून घेतले. जुनी फ्रेम चांगली होती म्हणून तीच नव्या काचा बसवायला दिली. दोन दिवसांनी मिळणार होती. त्याच संध्याकाळी सगळं बंद झालं. दुकानाला कुलूप, एसटी बंद, पुढे त्यांच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे. मग घरातल्या तिघांच्या चाचण्या झाल्या आणि तिघंही पॉझिटिव्ह निघाले.

"चष्मा गांधीबागेत कोंडला, बुढा गावात कोंडला, मी इथी कोंडली," त्या प्रत्येक नव्या रुग्णाला सांगायच्या. "तू कोठून आला रे बाबू?"

त्यांना काहीही झालेलं नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, धाप नाही. पहाटे उठून चादरीची घडी घालायच्या, सगळ्यांच्या खाटांखालच्या चपला जोडी लावून ठेवायच्या, आणि वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या. दिवसा खाटेवर आडवं होणं त्यांना पाप वाटायचं. आडव्या झालेल्या धडधाकट माणसाला त्या उठवायच्या. शेजारच्या खाटेवर राजू नावाचा टेम्पोचालक होता, इतवारीत माल वाहणारा, तिशीतला. तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून मोबाइलवर मृतांचे आकडे बघायचा. चरडेबाईंनी तिसऱ्या दिवशी त्याची चादरच ओढली.

"आजी, टेन्शन आहे यार मले."

"टेन्शन बसून घे ना. झोपून काहून घेतं?"

संध्याकाळी पाच वाजता त्यांचा नवऱ्याला फोन. बटनांचा साधा फोन होता, पण त्याची तशी गरज नव्हती. त्या इतक्या मोठ्यानं बोलायच्या की काटोलला तसंही ऐकू गेलं असतं. वरच्या धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, झाडांना पाणी दिलं का, मोटार किती वेळ चालली, गोळ्या घेतल्या का, दाढी केली का. पलीकडून काय उत्तर येई ते कळायचं नाही. पण त्या दर वेळी शेवटी म्हणायच्या, "खोटं बोलून राह्यला तू. संजूले दे फोन." संजू म्हणजे पुतण्या. तो खरं सांगायचा. मग पुन्हा फोन नवऱ्याकडे जायचा आणि भांडणाचा दुसरा भाग सुरू व्हायचा. सगळा वॉर्ड ते ऐकत असे. ज्यांना भूक नसे तेसुद्धा त्या वेळी उठून बसत.

घरी सोडायचा नियम तेव्हा असा होता की लागोपाठ दोन चाचण्या निगेटिव्ह आल्या पाहिजेत. जावई घरी गेले, मग सुनंदा गेली. चरडेबाईंचा मात्र निकाल पॉझिटिव्हच येत राहिला. निकालाच्या दिवशी त्या सकाळी आंघोळ करायच्या, वेणी घालायच्या, पिशवी भरायच्या आणि ती मांडीवर घेऊन ताठ बसायच्या. मी आत शिरले की माझ्या चालण्यावरूनच त्यांना कळायचं.

"नापास?"

"हो, आजी."

"बरं." आणि त्या पिशवी रिकामी करायला लागायच्या. लुगडी, कंगवा, टाल्कम पावडरचा डबा, सगळं पुन्हा कपाटात. एकदा पहिली चाचणी निगेटिव्ह आली. सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशीची पुन्हा पॉझिटिव्ह. ते सांगायला मी मेश्राम सिस्टरना पाठवणार होते. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, ते तुमचंच काम आहे." मी गेले. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "मिरू, मले काय झालं हाये? खरं सांग. दुखते कोठी? माह्या आंगात काय हाये जे मले दिसत नाई, तुले दिसत नाई, फक्त त्या काडीले दिसते?"

मी त्यांच्या बोटाला यंत्र लावलं, आकडा नेहमीसारखाच चांगला होता. ती काडी काय पाहते ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं.

"तू कवा जाशीन घरी?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मंग तुहाही निकाल नाईच लागला," त्या म्हणाल्या, आणि पिशवी सोडायला लागल्या.

त्यांना येऊन तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी दुपारी दोनला मी आत गेले तेव्हा त्या खाटेवर नव्हत्या. दाराजवळ एक लाल पट्टी होती, तिच्यापलीकडे रुग्णांनी जायचं नव्हतं; तिच्या अगदी काठावर उभ्या होत्या. हातात पिशवी. निकालाचा दिवस नव्हता. राजू त्यांच्या मागे उभा होता. त्यानंच मला सांगितलं. सकाळी संजूचा फोन आला होता. चरडेकाका बागेत पाणी फिरवत असताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. काटोलला न्यायच्या आधीच गेले.

चरडेबाई रडत नव्हत्या. "मिरू, तीन घंटे सोड मले," त्या म्हणाल्या. "जाऊन येतो. तुमचं हे प्लास्टिक मले घालून दे. तोंड बांध, हात बांध, कोनाले हात नाई लावत. दुरून पाह्यतो न् येतो. तुहे डॉक्टर पाठव संगं, पोलीस पाठव."

मी खाली जाऊन कपडे उतरवले आणि माझ्या वरिष्ठांना फोन केला. त्यांनी आणखी कुणाला केला. तासाभरानं नकार आला. त्या तालुक्यात एकही रुग्ण नव्हता, आणि पॉझिटिव्ह माणूस गावात न्यायची जबाबदारी कुणीच घेणार नव्हतं. मी पुन्हा सगळं अंगावर चढवलं. तिसरा मजला त्या दिवशी फार लवकर आला. त्या तशाच पट्टीच्या काठावर उभ्या होत्या. एक पाऊल टाकलं असतं तरी त्यांना कुणी हात लावून अडवणार नव्हतं. हात लावायची भीती होतीच सगळ्यांना. पण त्यांनी ते पाऊल टाकलं नाही. मी "नाही" म्हटलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

थोड्या वेळानं राजूच्या फोनवर गावाकडचा व्हिडिओ कॉल लागला. तिकडे संजूनं फोन धरला होता. राजूनं तो चरडेबाईंच्या चेहऱ्यासमोर आणला, जवळ, मग लांब, मग पुन्हा जवळ. "मले काहीच दिसत नाई," त्या म्हणाल्या. "पांढरं पांढरं दिसते. मिरू, तू पाहून सांग."

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. माझ्या गॉगलला आतून वाफ धरली होती. मान वाकडी करून कोपऱ्यातल्या स्वच्छ जागेतून मी पाहायला लागले.

"अंगणात माणसं आहेत. मोजकीच. तोंडाला दुपट्टे बांधलेत."

"कोन कोन?"

"मला नावं माहीत नाहीत, आजी."

"कपडे सांग."

"एक जण आहे, हाताला प्लास्टर."

"महादू. त्याले बैलानं पाडलं होतं. अजून?"

"हिरवं लुगडं. उंच बाई. भिंतीला टेकून."

"माही जाऊ. तिले म्हना बसून राय, तिचे गुडघे दुखते." ते तिकडे कुणाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. "आता त्याचं सांग. तोंड सांग."

"शांत आहे."

"तसं नको सांगू. दाढी केली का?"

मी पाहिलं. पांढरे खुंट वाढलेले होते. "नाही केलेली."

"मी नसली का करतच नाई," त्या म्हणाल्या. पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला.

मग तिरडी उचलायला माणसं वाकली आणि चित्र थांबलं. कुणाचा तरी कोपर, अर्धी टोपी, आणि मागे घराचं निळं दार. आवाजही गेला. राजूनं फोन हलवला, खिडकीकडे धरला. काही होईना. चरडेबाई माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. मला ते "थांबलंय" म्हणवेना.

"उचललंय," मी म्हटलं. "निघालेत. रस्त्याला लागलेत. पुढे मुलगा आहे, हातात मडकं."

"कोनाचा मुलगा?"

"तुमचा."

"माहा पोरगा सुरतेले हाये," त्या हळू म्हणाल्या. "त्याले पास नाई भेटला. सकाळीच फोन आला त्याचा."

राजू खाली बघायला लागला. घाम पाठीवरून खाली जात होता तेवढं जाणवत होतं. उठून जावंसं वाटत होतं, आणि त्या कपड्यांत मला धावताही आलं नसतं.

"आजी, चित्र थांबलंय," मी म्हटलं. "मला काही दिसत नाहीये."

"समजलं मले." त्यांनी माझ्या हातमोज्यावर हात ठेवला. "पन तू थांबू नको. मी सांगतो रस्ता. तू त्याहिले ने." आणि त्या सांगायला लागल्या. "घरातून निघालं का डाव्या हाताले मारुतीचं देऊळ लागते."

"देवळाशी आले," मी म्हटलं.

"मंग पाटलाची विहीर. तिथी खांदे बदलते."

"खांदे बदलले. महादूला नाही दिला खांदा, त्याचा हात मोडलाय."

"बरं केलं. मंग नाला लागते. नाल्यात उतरतानी गोटे हाये, सांभाळून उतरा म्हना."

"हळू उतरतायत."

"पानी हाये का नाल्यात?"

"थोडंसं आहे."

"एप्रिलात नसते," त्या म्हणाल्या. "पन असू दे. पाय भिजू दे त्याहिचे. ऊन भल्लं हाये."

असे आम्ही नाला ओलांडून, बाभळींच्या रांगेवरून, बागेच्या कडेनं गेलो. बागेपाशी त्यांनी मला थांबायला सांगितलं. म्हणजे तिरडी थांबवायला सांगितली. तिथे बराच वेळ थांबलो. वॉर्डात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मग फोन आपोआप जिवंत झाला. चिता आधीच पेटलेली होती.

"पेटलंय, आजी," मी म्हटलं. हे खरं होतं.

"हं." त्यांनी राजूकडे मान वळवली. "बंद कर रे. तुह्या फोनची ब्याटरी जाईन."

पाच वाजता सगळा वॉर्ड सवयीनं उठून बसला. चरडेबाई फेऱ्या मारत राहिल्या.

माझे ड्यूटीचे सात दिवस संपले, मी खोलीत जाऊन पाइपसमोर बसले. परत आले त्या आठवड्यात तेरवीचा दिवस आला. दुपारचं जेवण आलं, नेहमीचंच. वरण, भात, बटाट्याची कोरडी भाजी, चार पोळ्या. चरडेबाई प्रत्येक खाटेपाशी गेल्या. "आज माह्या बुढ्याचं जेवन हाये. टाकायचं नाई." त्या दिवसांत निम्म्या लोकांची चव गेलेली होती. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "आजी, मला कशाचीच चव लागत नाहीये."

"मंग चांगलं हाये ना," त्या म्हणाल्या. "म्हन, लाडू खाल्ला."

मुलगी म्हणाली, "लाडू छान झालेत आजी." आणि मग ती ताट मांडीवर घेऊन रडायला लागली. चरडेबाई तिच्याजवळ बसल्या नाहीत. तिनं शेवटचा घास खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

नवरा गेल्यापासून निकालाच्या दिवशी त्यांनी पिशवी भरणं सोडून दिलं होतं.

मे महिन्यात नवा आदेश आला. लक्षणं नसलेल्यांना दहा दिवसांनी, पुन्हा चाचणी न करता घरी सोडायचं. त्या काडीला जे सापडत राहतं ते विषाणूचे मेलेले तुकडे असू शकतात, त्यांच्यापासून कुणाला धोका नसतो, असं आता समजलं होतं. मी घाईघाईनं तिसऱ्या मजल्यावर गेले. "आजी, उद्या घरी!" राजू ओरडलाच. त्याचेही निकाल असेच अडकले होते, त्यालाही सोडणार होते.

चरडेबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "दहा दिवस?"

"हो."

"मंग मी कवा जायाले पाह्यजे होती?"

मला कळलं त्यांचा प्रश्न कुठे निघाला आहे. तेव्हा नियम वेगळा होता, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

"एप्रिलच्या मध्यालाच," मी म्हटलं.

"म्हनजे बुढा गेला तवा मी घरी राह्यली असती."

"हो, आजी."

त्या खाटेवर आडव्या झाल्या. भर दुपारी, भिंतीकडे तोंड करून. छत्तीस दिवसांत त्यांना दिवसा आडवं झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. राजू त्यांना उठवायला गेला नाही. संध्याकाळचा चहा तसाच निवला. मी जाताना त्यांच्या खाटेशी थांबले. भिंतीकडे तोंड ठेवूनच त्या म्हणाल्या, "तुह्यावर राग नाई वं मिरू. पन कोनावर तरी रागवू दे ना मले."

मी "बरं" म्हटलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्णवाहिका आली. गावानं त्यांना सरळ घरी घ्यायला नकार दिला होता. चौदा दिवस गावाच्या शाळेत राहायचं ठरलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "शाळेच्या खिडकीतून बाग दिसते," एवढंच त्या म्हणाल्या. खाली दाराशी त्या दिवसांच्या पद्धतीप्रमाणे कर्मचारी दोन रांगांत उभे होते, कुणाच्या हातात गुलाबाचं फूल. टाळ्या सुरू झाल्या. चरडेबाई मधेच थांबल्या. "नका वाजवू," त्या म्हणाल्या. टाळ्या एकेक करून थांबल्या.

मी काचेच्या दारापर्यंतच जाऊ शकत होते. अंगावर वॉर्डाचे कपडे होते. दार उघडलं आणि मेमधलं नागपूरचं दुपारचं ऊन आत आलं. रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडं होतं, पायरी लावलेली होती. चरडेबाई तिच्याकडे गेल्या नाहीत. आवाराच्या मधोमध, जिथे कशाचीच सावली नव्हती तिथे जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी खाली घेतला. चेहरा वर केला आणि डोळे मिटले.

ड्रायव्हर अंतर राखून ओरडला, "आजी, बसा गाडीत. ऊन लागन."

"लागू दे," त्या म्हणाल्या.

त्यानं इंजिन बंद केलं आणि गाडीच्या सावलीत जाऊन उभा राहिला. त्या तशाच उभ्या होत्या. मी काचेच्या आत होते. गॉगलवर वाफ धरत गेली आणि त्या मला हळूहळू पांढऱ्या पांढऱ्या दिसायला लागल्या. मग गाडी निघाल्याचा आवाज आला, आणि माझे ड्यूटीचे चार तास शिल्लक होते.